पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे

आवाज पहिल्यांदा आला तो नोव्हेंबरातल्या एका सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी मागे घेताना. स्टिअरिंग डावीकडे वळवलं तसा बॉनेटखालून कोणी कण्हल्यासारखा सूर निघाला, आणि चाकं सरळ झाल्यावर विरून गेला. मी गाडी थांबवली. पुन्हा वळवलं. पुन्हा तोच सूर.

"पोटात गुबारा धरलाय तिच्या," शेजारच्या सीटवरून दादा म्हणाले. "ओवा द्या."

दादा म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. ते मूळचे नांदेडचे, वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहत होतो. तिथेच कोणीतरी शहराच्या टोकाला द्वारकेत होणाऱ्या गृहनिर्माण सोसायटीचे फॉर्म आणले, आम्ही दोघांनी एकाच दिवशी भरले, आणि बऱ्याच वर्षांनी एकाच इमारतीत राहायला आलो. ते तिसऱ्या मजल्यावर, मी सहाव्या. आमची ऑफिसंही शेजारशेजारच्या भवनांत होती. दादांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. म्हणून सकाळी ते माझ्या गाडीत बसायचे आणि संध्याकाळी त्यांच्या भवनाच्या फाटकाशी माझी वाट बघत उभे असायचे.

हे सगळं लिहायचं कारण असं की त्या वर्षी माझं मराठी बोलणं फक्त त्या गाडीतच होत होतं. माझी पत्नी बँकेत. बढती घेतली तर पुणे, नाकारली तर आहे तिथेच. आम्ही दोघांनी बसून नीट विचार केला, मुलीच्या कॉलेजचाही केला, आणि उत्तर पुणे असं आलं. त्यात चूक कुठे नव्हती. मी तेव्हाही तपासून पाहिलं होतं आणि नंतरही पाहिलं. त्या दोघी जूनमध्ये गेल्या. ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी, भाजीवाल्याशी हिंदी, लिफ्टमध्ये मान हलवायची. रविवारी पुण्याला फोन व्हायचा, पण फोनवर माणूस बोलतो ती बातम्यांची मराठी असते. गॅस आला का, मुलीचा ताप उतरला का. काहीच कारण नसताना केलेल्या गप्पा फक्त गाडीत होत. पालमच्या पुलावरून, छावणीतून, धौला कुआँच्या वळणावरून, जाताना तासभर आणि येताना त्याहून जास्त.

आणि दादा जुलैअखेर निवृत्त होणार होते. नांदेडला घराचं बांधकाम सुरू होतं. ते पूर्ण झालं की इथला फ्लॅट भाड्याने देऊन वहिनींसह निघून जाणार, हे ठरलेलं होतं. म्हणजे तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा, एवढीच शिल्लक होती. मी आकड्यांचा माणूस आहे. ही शिल्लक मला रोज दिसत होती.

गाडी तेव्हा आठ वर्षांची झाली होती. आम्ही ती घेतली तेव्हा दिल्लीत दर महिन्याला नवीन काहीतरी मॉडेल येत होतं आणि पॉवर स्टिअरिंग ही अजून मिरवायची गोष्ट होती. काही गाड्यांच्या मागच्या काचेवर तसं लिहिलेलंही असे. आमच्या आधीच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग इतकं जड, की लक्ष्मीबाई नगरच्या बोळात ती लावायची तर माझे खांदे भरून यायचे. शोरूममधल्या मुलाने नव्या गाडीचं चाक एका बोटाने फिरवून दाखवलं. मग पत्नीने एका बोटाने फिरवलं. मग मुलीने करंगळीने. तेवढ्यावरच गाडी पसंत झाली, मायलेज मी घरी येऊन पाहिलं.

तर त्या गाडीला हा आवाज लागला. कुठल्याही आवाजाला कारण असतं, आणि कारण शोधून काढता येतं, अशी माझी समजूत आहे. मी ऐकायला लागलो. रेडिओ बंद केला. थंडीतही काच अर्धी खाली ठेवू लागलो. वळण आलं की डावा हात वर करायचो.

दादांना बोलायला विषय कमी नव्हते, पण त्या दिवसांत एकच विषय चालू होता: नांदेडचं घर आणि त्याचा जिना. जिना घराच्या आतून काढावा असं त्यांच्या धाकट्या भावाचं म्हणणं, आणि बाहेरून काढावा असं मेहुण्याचं. दोघेही गावातच राहणारे, दोघेही गवंड्याला सूचना देणारे.

"तर गवंड्यानं काय केलं असेल, सांगा," दादा म्हणायचे.

"एक मिनिट हं, दादा." माझा हात वर. "ऐका. आत्ता आला ना?"

"आला."

"मघापेक्षा कमी वाटला?"

"राव, मला काय कळतंय त्यातलं. वाटला असेल कमी."

मग पुढचं वळण. मग पुढचं. जिना कुठून निघाला ते त्या दिवशी राहून जायचं, आणि दुसऱ्या दिवशी दादा पुन्हा भावाच्या आणि मेहुण्याच्या भांडणापासून सुरुवात करायचे.

ऑफिसजवळच्या एका गॅरेजवाल्याने पट्टा ढिला आहे म्हणून सांगितलं आणि नवीन पट्टा घातला. आवाज तसाच राहिला. द्वारकेतल्या दुसऱ्याने बॉनेट उघडलं, कान दिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पंप बैठ गया है, साहब. नया डलेगा."

"कैसे पता चला?"

"आवाज़ से।"

पण ऑफिसातून गाडी त्याच्यापर्यंत पोचेतो इंजिन गरम झालेलं होतं आणि गरम झाल्यावर आवाज जवळजवळ राहतच नव्हता. जो आवाज त्याने धड ऐकलाच नाही, त्यावरून तो पंप बदलायला निघाला होता. मी गाडी घेऊन परत आलो. स्टिअरिंगच्या तेलाची छोटी टाकी असते, तिच्यावर मी पेनाने पातळीची खूण केली होती. तेल थेंबभरही उतरलं नव्हतं. गळती नाही, पट्टा नवा, मग बिघाड कशात?

जानेवारीत मेट्रो द्वारकेपर्यंत आली. दादा एकदा वहिनींना घेऊन नुसते बसून आले. त्यानंतर दोनतीन दिवसांनी, संध्याकाळी गाडीतून उतरताना दार धरून म्हणाले, "राव, खरं सांगू का, ह्या आवाजानं डोकं धरतं माझं. गाडी दुरुस्त होईस्तोवर मी मेट्रोनं जाऊन बघतो."

"हो, हो. बिल्कुल," मी म्हणालो. "होईलच आता दुरुस्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सीट रिकामी होती. आवाज नेहमीसारखा आला. कोणाला विचारायचं नव्हतं, तरी धौला कुआँला माझा हात वर गेला.

गाडी दुरुस्त होईस्तोवर, असं ते म्हणाले होते. मी ते शब्दशः घेतलं. रविवारी दरियागंजच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात जाऊन मोटारदुरुस्तीचं एक जाड इंग्रजी पुस्तक शोधलं. त्यात पॉवर स्टिअरिंगच्या आवाजावर दीड पान होतं आणि ते चांगलं होतं. आवाज थंड इंजिनवर जास्त येत असेल तर तेलात हवा जात असण्याची शक्यता असते. तपासायची रीतही दिली होती: इंजिन थंड असताना चालू करावं, एकाने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवत राहावं, आणि त्याच वेळी दुसऱ्याने बॉनेटखाली टाकीत बघावं, बुडबुडे येतात का.

दुसऱ्याने. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मूळ इंग्रजीतही तेच होतं.

फाटकावरच्या चौकीदाराला विचारलं. तो भला माणूस होता, पण मागे एका चौकीदाराने मेंबरची गाडी खांबावर घातली होती, तेव्हापासून कोणाच्याही गाडीत बसायचं नाही अशी कमिटीची नोटीस होती. त्या नोटिशीच्या ठरावाला मीही हात वर केला होता. ऑफिसातल्या कोणाला सकाळी सहाला द्वारकेत बोलावणं शक्य नव्हतं. शेजारी होते, त्यांची नावं मला दारावरच्या पाट्यांवरून माहीत होती. तेवढ्या ओळखीवर पांघरुणातून उठवून कोणाला गाडीत बसवता येत नाही. दादांना विचारता आलं असतं. पण आवाजाने ज्यांचं डोकं धरतं त्यांनाच आवाज ऐकायला बोलवायचं, हे मला बरं दिसेना. शिवाय दुरुस्त गाडीच त्यांच्यासमोर न्यायची, असं मी मनात ठरवलं होतं.

घरात मुलीचा कॅसेट रेकॉर्डर पडून होता. इंग्रजीचे उच्चार सुधारण्यासाठी तिने तो मागून घेतला होता. त्यात मी कोरी कॅसेट घातली, तो जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅटरीशेजारी बसवला, बॉनेट उघडंच ठेवलं आणि गाडीत बसून इंजिन चालू केलं. नंतर ऐकताना कुठला आवाज कुठल्या वळणाचा हे कळायला हवं, म्हणून काच खाली करून मोठ्याने बोलत गेलो. "सरळ. अर्धं डावीकडे. पूर्ण डावीकडे. परत सरळ. अर्धं उजवीकडे. पूर्ण उजवीकडे." धुकं होतं. समोर उघड्या बॉनेटचा पत्रा, त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

कुत्र्याला फिरवणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या बाई काचेशी थांबल्या. "भाई साहब, किससे बात कर रहे हैं?"

"गाड़ी से।"

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि कुत्र्याला ओढत पुढे गेल्या.

त्या आठवड्यात मी हे पुन्हा पुन्हा केलं, थंड इंजिनवर आणि कोमट इंजिनवरही. संध्याकाळी जेवताना टेप ऐकायचो. त्यातून बरंच कळलं. आवाज दोन्ही बाजूंना सारखा होता, म्हणजे चाकांकडचा किंवा एका बाजूच्या सांध्याचा नव्हता. इंजिनाचा वेग वाढला की सूर चढत होता, म्हणजे पंपाच्या आसपासचाच होता. पण बुडबुडे टेपवर दिसत नाहीत. आणि आणखी एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. इंजिनाच्या घरघरीमागून एक माणूस बऱ्यापैकी स्पष्ट मराठीत कोणाला तरी सूचना देत होता, आणि मध्ये मध्ये, समोरच्याने ऐकलं का याची वाट बघितल्यासारखा थांबत होता. त्या थांबण्याचं तपासणीला काही कारण नव्हतं. पुढच्या वेळी मी न थांबता बोलायचं ठरवलं. पुढच्या टेपवरही तो थांबतच होता.

दादांकडचा स्टीलचा एक डबा माझ्याकडे डिसेंबरापासून राहिला होता. वहिनींनी त्यातून ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा पाठवला होता. डबा रिकामा परत करायचा नाही ही आमच्याकडची रीत, आणि डब्यात घालण्यासारखं मला काही करता येत नव्हतं, म्हणून तो राहिला होता. त्या शनिवारी मी त्यात बाजारातला तीळगुळाचा गजक भरला आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. रेकॉर्डर कोटाच्या खिशात होता. प्रगती दाखवावी, आता फार दिवस लागणार नाहीत हे सांगावं, असा हेतू.

दादा हीटरसमोर पाय पसरून फोनवर बोलत होते. "जय भीम, जय भीम, ठेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. वहिनींनी डबा उघडून पाहिला.

"भाऊजी, गजक विकत आणलात. त्यापेक्षा डबा हरवला म्हणायचं होतं."

मी टेप लावली. सूर चढला, उतरला. माझा आवाज आला. सरळ. अर्धं डावीकडे. दादा मान खाली घालून ऐकत होते. पूर्ण डावीकडे आलं आणि वहिनींना हसू आवरेना.

"अहो भाऊजी, हे सांगताय कोणाला?"

"कोणाला नाही. खूण म्हणून."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी हीटरकडे पाहिलं.

"सांगून टाका की आता," वहिनी म्हणाल्या. "तो माणूस गाडीशी बोलायला लागलाय."

"काय सांगायचंय?" मी विचारलं.

दादांनी पाय जवळ घेतले. "राव, आवाजाचं काही नव्हतं हो. आमच्या नांदेडच्या बसा ऐकल्यात का तुम्ही? त्यापुढं तुमची गाडी म्हणजे बासरी आहे."

"मग डोकं धरतं म्हणालात?"

"डोकं धरत होतं तुमच्या हातानं." त्यांनी आपला डावा हात माझ्यासारखा वर करून दाखवला. "मी तोंड उघडलं की हात वर. एक मिनिट दादा, ऐका दादा. दोन महिने मी जिना चढतोय, वरच्या पायरीवर काही पोचू दिलं नाहीत तुम्ही. मेट्रोत कोणी बोलत नाही, पण गप्प बस असंही कोणी म्हणत नाही."

तपासताना मी पट्टा धरला होता, पंप धरला होता, तेल, थंडी, रस्ता, सगळं धरलं होतं. हे धरलं नव्हतं. ते एका फुटावर बसलेलं होतं.

"तुम्ही सांगायचं होतं," मी म्हणालो.

"कधी? हात वर असताना?"

वहिनी चहा टाकायला उठल्या. जाताना म्हणाल्या, "उद्या सकाळी न्या ह्यांना खाली. बसवा गाडीत. फिरवू देत काय फिरवायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मफलर आणि माकडटोपी घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. गिअर काढलेला, हँडब्रेक ओढलेला, तरी त्यांनी चाक असं धरलं होतं की जणू गाडी हरिद्वारला निघालीय. मी इंजिन चालू करून दिलं आणि बॉनेटखाली वाकलो.

"पूर्ण डावीकडे," मी ओरडलो.

"पूर्ण म्हणजे किती?"

"अडेल तिथपर्यंत. अडलं की धरून ठेवू नका, लगेच सोडा."

"बायकोनं हेच सांगितलं असतं तर संसार बरा झाला असता," दादा म्हणाले, आणि फिरवलं.

टाकीत बघायला काही कसब लागत नव्हतं. सूर निघाला त्याच क्षणी तेल फेसाळलं, ताकासारखं झालं. हवाच होती. टाकीतून पंपाकडे एक आखूड रबरी नळी जाते. पंप त्या नळीतून तेल ओढून घेतो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी तिच्या सांध्यावर वरून थोडं तेल सोडलं. कण्हणं थांबलं. तेल ओघळून गेलं आणि कण्हणं परत आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा थांबलं. रबर जुनं होऊन आक्रसलं होतं. तिथून तेल बाहेर येत नव्हतं, हवा आत ओढली जात होती. म्हणून पेनाची खूण हलत नव्हती आणि म्हणून थेंबही कुठे दिसत नव्हता.

"सापडलं का?" खिडकीतून आवाज आला.

"सापडलं."

"मग मी जिन्याचं सांगू का आता?"

मी हो म्हणालो, पण तेवढ्यात वहिनींनी वरून चहाला हाक मारली.

त्याच आठवड्यात नळी आणि तिच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या बदलून घेतल्या. आवाज गेला. मला वाटलं होतं सोमवारी दादा खाली उभे असतील. ते होते, पण हातात मेट्रोचं कार्ड होतं.

"राग नाही ना, राव?" ते म्हणाले. "पण द्वारकेहून बसायला जागा मिळते. राजीव चौकापर्यंत पेपर वाचून होतो, शब्दकोडं राहतं ते पुढच्या गाडीत. आता ह्या वयात सवय लागली बघा." मग माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पुढे म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी आमच्या भवनाच्या फाटकाशी या. आयएनए मार्केटात ज्वारी घ्यायची असते. ती पोतडी घेऊन मला मेट्रोत चढता येत नाही."

तर शुक्रवार राहिले. बाकीचे दिवस मी एकटा जात होतो. गाडी आता इतकी शांत होती की घड्याळाचा काटा ऐकू यावा. आवाज होता तेव्हा निदान ऐकायला काहीतरी होतं. मेट्रोने मीही जाऊ शकलो असतो, एकदा गेलोही. दादांनी शेजारी जागा धरली, पेपरातलं मधलं पान माझ्याकडे दिलं आणि आम्ही राजीव चौकापर्यंत वाचत गेलो. त्यांना ते पुरेसं होतं. मला शुक्रवार जास्त परवडला.

ऑगस्टच्या सुरुवातीला ते दोघे नांदेडला गेले. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला होता. स्टेशनवर मीच सोडलं. गाडीत तिघे होतो आणि वहिनी सगळा वेळ पिशव्या मोजत होत्या, त्यामुळे बोलणं काही झालं नाही.

त्या टेपांपैकी एकच मी ठेवली आहे. दुरुस्तीच्या आधीचा आवाज नोंदलेला होता, तेव्हा नंतरचाही नोंदवायला हवा, म्हणून नळी बदलल्यावर एका सकाळी दादांना पुन्हा चाकावर बसवलं होतं आणि रेकॉर्डर बॅटरीशेजारी ठेवला होता. तपासणी म्हणून ती टेप निरुपयोगी आहे. पूर्ण डावीकडे असं मी म्हणतो आणि तिथून पुढे दादांचाच आवाज आहे, काच खाली करून, इंजिनाच्या वर चढवलेला. स्टिअरिंगचा सूर उरलाय की गेलाय, काही ठरवता येत नाही. मी मध्ये एकदाही थांबवलेलं नाही.

गवंड्याला भाऊ सकाळी फोन करायचा आणि मेहुणा संध्याकाळी. गवंडी दोघांनाही हो म्हणाला. त्याने दोन्ही जिने बांधले, एक आतून आणि एक बाहेरून, आणि वर तर अजून मजलाच नाही, नुसती गच्ची.

"मग आता?" टेपवर मी विचारतो.

"आता काय. एकानं चढायचं, दुसऱ्यानं उतरायचं," दादा म्हणतात. "पूर्ण उजवीकडे घेऊ का?"